तलावाच्या पाळीवर लिहिलेली ओळ

वैनगंगा फुगली की भंडारा शहरात एकच आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी असतो : कारधा पुलाजवळची पाणीपातळी. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला आणि शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हाही लोक याच आकड्याकडे डोळे लावून बसले होते. तो २४५ मीटरच्या आसपास फिरतो. भंडारेकरांना तो नेमका कळतो. पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे, धोक्याची रेषा कुठे आहे आणि त्या रेषेच्या वर अर्धा मीटर पाणी चढलं तर कुठल्या वस्तीनं सामान आवरायचं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक असतं. पण तोच आकडा ‘कारधा २४५.६’ एवढाच एखाद्या फाइलीत पडून राहिला आणि वीस वर्षांनी पुण्याच्या एखाद्या विद्यार्थिनीनं ती फाइल उघडली, तर? पाण्याची खोली म्हणावी तर एवढी खोल नदी असत नाही. मग हे मीटर की फूट? सकाळची पातळी की मध्यरात्रीची? जुन्या लहान पुलापाशी मोजली की नव्या मोठ्या पुलापाशी? आकडा खरा आहे, पावसात उभं राहून कुणीतरी तो मोजला आहे, आणि तरीही तो तिच्या कामाचा नाही.

संशोधनात जमवलेली माहिती दुसऱ्याला, पुढच्या पिढीला, वेगळ्याच प्रश्नासाठी पुन्हा वापरता येईल का, याची चर्चा बहुधा प्रकल्प संपताना सुरू होते. अहवाल लिहून झालेला असतो, निधी संपत आलेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘आता डेटा नीट लावून ठेवू.’ तोवर उशीर झालेला असतो. कारण त्या वेळी लावून ठेवायला हातात फक्त आकडे उरतात. ते कसे आले ते डोक्यात असतं आणि डोक्यातलं विरळ होत जातं. माझं ठाम मत आहे की माहिती पुन्हा वापरता येण्याचा प्रश्न तिच्या जन्माच्या क्षणीच सुटतो किंवा कायमचा बिघडतो. आणि हे समजून घ्यायला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. भंडारा जिल्ह्यातला कुठलाही मामा तलाव पुरेसा आहे.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजवटीच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाच्या कसबातून, पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा, खाली धानाची शेती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले; पुढे त्यातले बरेच जिल्हा परिषदेच्या ताब्यात गेले. तलावात मासेमारी करणारा ढिवर समाज मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच मच्छीमारांबरोबर काम करत आले आहेत : कोणत्या तलावात कोणते देशी मासे होते, कोणत्या पाणवनस्पतींच्या आधारानं ते वाढत होते, बेशरमाची झुडपं माजल्यावर आणि बाहेरचे मासे सोडल्यावर काय बदललं, देशी वनस्पती परत लावल्यावर काय परत आलं. यातला प्रत्येक प्रश्न ‘आधी’ आणि ‘नंतर’चा आहे. आधीची नोंद नंतरच्या नोंदीला लावून पाहता आली नाही, तर तलाव सुधारला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून इथे नोंदीची शिस्त ही टापटिपीची हौस राहत नाही, तलावाचं भवितव्यच तिच्यावर अवलंबून असतं.

आता एका ओळीकडे जवळून पाहू. समजा, एका अभ्यासकानं तलावाच्या पाळीवर उभं राहून वहीत लिहिलं : ‘मोठा तलाव, मरळ, ४, पोळ्याच्या आधी.’ लिहिताना त्याला सगळं स्पष्ट होतं. पाच वर्षांनी ही ओळ दुसऱ्याच्या हाती पडते. तिचे चार भाग म्हणजे चार कोडी आहेत.

‘मोठा तलाव’ जवळजवळ प्रत्येक गावात असतो. गावाचं नाव लिहिलं तरी भागत नाही, कारण एकाच नावाची गावं तुमसरातही असतात आणि पवनीतही, खुर्द-बुद्रुक वेगळेच. जनगणनेनं २०११ साली प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही प्रत्येक गावाला स्वतःचा क्रमांक आहे. तो नावापुढे लिहायला काही सेकंद लागतात आणि मग संगणकाचा मोहाडी नावाच्या दोन गावांत गोंधळ होत नाही. सोबत मोबाइलवरून अक्षांश-रेखांश. इथेही किती दशांश स्थळं लिहायची याला अर्थ आहे. २१.१७ असं दोनच स्थळांपर्यंत लिहिलं तर जागा साधारण एक किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही असू शकते, म्हणजे तलावच बदलू शकतो. पाच स्थळं लिहिली तर चूक मीटरभरावर येते, अर्थात मोबाइलनं तेवढी अचूकता दिली असेल तर. म्हणून तो मोबाइल ‘अचूकता : ८ मीटर’ असं जे दाखवतो तेही लिहायचं. जुन्या टोपोशीटवरून घेतलेले अक्षांश-रेखांश वेगळ्या भूमापन-पायावर मोजलेले असतात, उपग्रहाच्या पायावर ते तसेच ठेवले की जागा सरकते. एखादी लहान बोडी त्यामुळे नकाशावर शेजारच्या बांधीत जाऊन बसते.

‘मरळ’ या नावाखाली बाजारात एकाच कुळातल्या एकाहून जास्त जाती विकल्या जातात. चन्ना मरुलियस वेगळा, चन्ना स्ट्रायाटा वेगळा. त्यांची वाढ वेगळी, त्यांना लागणारं पाणीही वेगळं. इथे अनेक शिकलेले लोक एक घाई करतात. ते स्थानिक नाव खोडून त्या जागी शास्त्रीय नाव लिहितात. त्यांची ओळख चुकली असेल, तर मूळ नाव गेलेलं असतं आणि दुरुस्तीचा रस्ताच बंद होतो. योग्य पद्धत अशी की मच्छीमारानं जे नाव उच्चारलं ते एका रकान्यात त्याच्याच उच्चारानं लिहायचं, शास्त्रीय नाव दुसऱ्या रकान्यात, ते कुणी आणि कशावरून ठरवलं हे तिसऱ्यात, आणि माशाचा एक फोटो बाजूला पट्टी ठेवून. ऐकलेलं आणि आपण लावलेला अर्थ यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. जगभर जैवविविधतेच्या नोंदी ज्या मांडणीत ठेवतात तिचं नाव ‘डार्विन कोअर’. २००९ साली ती अधिकृत मानक झाली. तिच्यात स्थानिक नावासाठी वेगळा रकाना आहे आणि सांगणाऱ्यानं जागेचं जसं वर्णन केलं तसंच्या तसं ठेवण्यासाठीही आहे. ढिवर मच्छीमाराच्या तोंडचं नाव तिथे मानानं बसतं.

‘४’ म्हणजे काय? चार मासे, चार किलो, की चार जाळ्यांत मिळून जे आलं ते? एकक रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं हवं, दर ओळीत मनानं समजून घ्यायचं ठेवू नये. त्याहून महत्त्वाचं, चार मासे मिळवायला किती कष्ट पडले? दोन माणसांनी तासभर फेकजाळं टाकलं, की रात्रभर लावून ठेवलेल्या जाळ्यात सकाळी ते सापडले? जाळ्याची आस केवढी होती? आस मोठी असेल तर लहान मासे निसटणारच. मग ‘लहान मासे कमी झाले’ हा निष्कर्ष तलावाबद्दल न राहता जाळ्याबद्दलचा होतो. मासेमारीच्या अभ्यासात मोजलेल्या आकड्याइतकीच त्यामागच्या प्रयत्नाची नोंद मोलाची असते आणि नेमकी तीच बहुतेक वह्यांत नसते.

याच रकान्यातली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. एखादा मासा त्या दिवशी मिळालाच नाही, तर लोक रकाना कोरा सोडतात. कोऱ्या रकान्याचे दोन अर्थ होतात : शोधला पण मिळाला नाही, किंवा शोधलाच नाही. पहिला अर्थ विज्ञानासाठी सोन्यासारखा आहे, कारण एखादी जात तलावातून नाहीशी होत असल्याची पहिली खूण ‘शून्य’ हीच असते. दुसऱ्याला काहीच किंमत नाही. दोन्ही कोऱ्या जागा सारख्याच दिसतात आणि नंतर कुणी कितीही हुशार आला तरी त्यांना वेगळं करू शकत नाही. शून्य मिळालं तर ० लिहा, पाहिलं नसेल तर ‘पाहिलं नाही’ असं लिहा.

उरला ‘पोळ्याच्या आधी’. मच्छीमार आणि शेतकरी काळ असाच, सणांवरून आणि नक्षत्रांवरून सांगतात आणि तो त्यांच्या दृष्टीनं अचूकच असतो. पण मृग आणि पोळा यांच्यात एक फरक आहे. मृग नक्षत्र सूर्यावर अवलंबून असल्यामुळे ते दर वर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागतं. ‘मृग लागल्यावर’ म्हटलं की तारखेचा अंदाज बांधता येतो. पोळा श्रावण अमावास्येचा, म्हणजे चंद्रावर चालणारा. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला. आदल्या वर्षी तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होता. ‘पोळ्याच्या आधी’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात जवळपास तीन आठवड्यांचं अंतर असतं. पावसाळ्याच्या तलावात तीन आठवडे म्हणजे वेगळं पाणी आणि वेगळा मासा. म्हणून ‘पोळ्याच्या आधी’ हे शब्द ठेवायचेच, आणि शेजारी २०२३-०९-११ अशी तारीख लिहायची : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हा क्रम जगभर मान्य आहे आणि याचा एक मोठा फायदा आहे. ७/८ असं लिहिलं तर आपल्याकडे तो सात ऑगस्ट, अमेरिकेत आठ जुलै. वर्ष आधी लिहिलं की हा घोळच होत नाही.

तारखेच्या बाबतीत पावसाची नोंद आणखी एक धडा देते. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीनुसार पर्जन्यमापकातलं पाणी सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आकडा त्याआधीच्या चोवीस तासांचा असतो. १५ जुलैच्या नोंदीतला पाऊस बव्हंशी १४ तारखेला दुपारी-रात्री पडलेला असतो. हे ठाऊक नसलेल्या माणसानं तलावाची पातळी आणि पाऊस जुळवायला घेतले, तर त्याला पाणी पावसाच्या एक दिवस आधी चढलेलं दिसेल आणि तो अख्खा डेटा चुकीचा ठरवून बाजूला टाकेल. चूक डेटात नसते. साडेआठचा नियम डेटासोबत लिहून दिलेला नसतो.

माहितीसोबतची ही जी माहिती, तिला इंग्रजीत मेटाडेटा म्हणतात आणि मराठी लेखनातही तोच शब्द रुळला आहे. ती नवी गोष्ट आहे असं मात्र समजू नये. आपल्या खेड्यापाड्यांत हिचा सर्वात कणखर नमुना म्हणजे सातबारा. जमीन कुणाची, एवढंच सांगणारा तो कागद नाही. गट क्रमांक कोणता, क्षेत्र किती, पीक कोणतं आणि मालकी कधी कशी बदलली, याचा फेरफार क्रमांक त्यावर असतो. तो क्रमांक धरून गाव नमुना ६ च्या फेरफार नोंदवहीत जायचं, की कुठल्या तारखेला, कुठल्या खरेदीखतानं किंवा वारसानं बदल झाला हे सापडतं. जुनी नोंद पुसून नवी लिहिली जात नाही. नवी नोंद जुनीकडे बोट दाखवते. संशोधनाच्या डेटालाही नेमकी हीच सवय हवी. मरळची ओळख चुकली होती हे दोन वर्षांनी कळलं, तर जुनी ओळ खोडायची नाही. नवी आवृत्ती करायची आणि कुणी, कधी, का बदललं हे लिहायचं. ज्यानं जुन्या आवृत्तीवरून निष्कर्ष काढला त्यालाही मग आपण कुठे उभे होतो हे कळतं.

२०१४ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये काही शास्त्रज्ञ, ग्रंथपाल आणि प्रकाशक एकत्र बसले आणि २०१६ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात मार्क विल्किन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चर्चेतून आलेली तत्त्वं प्रसिद्ध केली. ती ‘फेअर’ नावानं ओळखली जातात. मागणी चार गोष्टींची : माहिती शोधली तर सापडावी, ठरलेल्या रीतीनं मिळावी, दुसऱ्या ठिकाणच्या माहितीला जोडता यावी आणि पुन्हा वापरता यावी. या तत्त्वांमध्ये संगणकाला वाचता येणं यावर खूप भर आहे. आज एकेका संशोधकाला दहा हजार फाइली हातानं तपासता येत नाहीत, तेव्हा गावाचा क्रमांक, तारखेचा क्रम, जातीचं नाव हे यंत्रालाही एकाच अर्थानं कळलं पाहिजे.

याची निकड किती आहे हे २०१४ सालच्या ‘करंट बायॉलॉजी’मधल्या एका अभ्यासातून दिसलं. टिमथी वाइन्स आणि सहकाऱ्यांनी २ ते २२ वर्षं जुने ५१६ शोधनिबंध घेतले आणि त्यांच्या लेखकांना मूळ डेटा मागितला. निबंध जसा जुना, तशी डेटा शिल्लक असण्याची शक्यता दर वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी घटत गेलेली त्यांना आढळली. कुणाचा इमेल बंद, कुणाची फाइल आता वाचता न येणाऱ्या डिस्कवर. सार्वजनिक पैशानं जमवलेली माहिती अशी विरून जाते. आपल्याकडच्या जिल्हापातळीवरच्या अभ्यासांचं काय होत असेल, याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्यातले किती तरी एका माणसाच्या एका लॅपटॉपवर असतात.

आणि लॅपटॉप स्वतःही खोड्या काढतो. एक्सेलनं ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशा जनुकांच्या संक्षिप्त नावांचं परस्पर तारखांत रूपांतर केलं आणि ही चूक शेकडो शोधनिबंधांच्या पुरवणी-तक्त्यांत शिरली. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं त्या जनुकांची नावंच बदलली. गावाचा क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर एक्सेल तेही शून्य गिळतं. म्हणून नोंदी शक्य तर साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाइलीत ठेवाव्यात, एका रकान्यात एकच गोष्ट लिहावी, आणि पिवळ्या रंगाचा अर्थ ‘शंकास्पद’ असं मनाशी ठरवू नये. रंग दुसऱ्या फाइलीत जाताना पुसला जातो. ‘शंकास्पद’ हा शब्द लिहिलेला असेल तर तो जातो तिथे टिकतो.

भंडाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरच्या संशोधकाला हमखास फसवते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९९१ च्या जनगणनेतला भंडारा आणि २००१ च्या जनगणनेतला भंडारा हे दोन वेगळ्या आकारांचे जिल्हे आहेत. धानाचं क्षेत्र, लोकसंख्या, तलावांची संख्या, काहीही घ्या. आलेख काढला की १९९९ नंतर सगळं एकदम कोसळल्यासारखं दिसतं. आणखी मागे गेलं तर १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून जुन्या नोंदी मुंबई राज्याच्या कागदांत शोधून मिळणार नाहीत. आकडे तालुका आणि गाव या पातळीवर ठेवले असतील तर ते पुन्हा हव्या तशा सीमेत मांडता येतात. फक्त जिल्ह्याची बेरीज ठेवली असेल तर ती कायमची अडकते. शक्य तितक्या बारीक पातळीवर ठेवा, बेरीज केव्हाही करता येते, हा नियम मला या जिल्ह्यानंच पटवला.

चांगली नोंद किती दूर जाते याचा दाखला इथल्याच जुन्या कागदांत आहे. इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्तात गावोगावची निस्तार पत्रकं आणि वाजिब-उल-अर्ज तयार झाले : तलावाचं पाणी कुणी कसं वापरायचं, मासे कुणी धरायचे, जंगलातून काय आणायचं. १९०८ साली रसेल यांनी संपादित केलेलं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियरही आलं. हे कागद महसूल गोळा करण्यासाठी आणि राज्यकारभारासाठी लिहिलेले होते. पण २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गावांनी दाव्यांसोबत पुरावा म्हणून बंदोबस्ताचे असेच जुने कागद आणि गॅझेटियर जोडले. कायद्याच्या नियमांतही असे दस्तऐवज पुरावा म्हणून मान्य आहेत. लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं त्या कामी ते आले, ते त्यावर गाव, वर्ष, हक्काचं स्वरूप आणि नोंद करणाऱ्याचा अधिकार लिहिलेला होता म्हणूनच.

या जुन्या कागदांचं आजचं जवळचं रूप म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना रुजवली आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर प्रत्येक स्थानिक संस्थेनं ती करणं अपेक्षित झालं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर घाईनं नोंदवह्या भरल्या गेल्या, आणि घाईत भरलेल्या वहीचा दोष एकच असतो : कुणी पाहिलं, कुठे, कधी, हे तिच्यात नसतं. जातींची यादी शेजारच्या गावाच्या यादीसारखीच निघते. याउलट राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळानं २०१४ पासून राबवलेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात स्थानिक लोक आणि संस्थांना सोबत घेऊन पिकांची वाणं, देशी गुरं, गोड्या पाण्यातले जीव यांच्या नोंदी करण्यावर भर होता. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुढच्या पाच वर्षांसाठी या कामाला १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या पैशातून जी माहिती येईल तिच्यातली प्रत्येक ओळ जिथे जन्मली तिथेच पूर्ण असेल, हे आताच पाहिलं पाहिजे.

सरकारी कामात याचं एक चांगलं उदाहरण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी. शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून मोबाइलवर गट क्रमांक आणि पीक निवडतो आणि फोटो काढतो. जागा आणि वेळ आपोआप त्याच क्षणी चिकटतात. आधी तलाठी गावभर फिरून किंवा आठवणीवरून जे लिहायचे, ते आता उगमापाशीच पुराव्यासह लिहिलं जातं. रेंज नसणं, साधा मोबाइल असणं अशा अडचणी आहेत आणि त्या सोडवायलाच हव्यात. तरी दिशा बरोबर आहे. ज्या नोंदी यंत्र आपोआप करू शकतं त्या माणसाकडून करवून घेऊ नयेत, म्हणजे माणसाला जे फक्त तोच करू शकतो ते नीट करता येतं : माशाचं नाव विचारणं, जाळ्याची आस पाहणं, सांगणाऱ्याचं बोलणं ऐकणं.

पुन्हा वापरता येणारी म्हणजे सगळ्यांसाठी उघडी, असा अर्थ मात्र घेऊ नये. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट या पट्ट्यात दर जूनमध्ये सारस पक्ष्यांची गणना होते. सारस घरटं करतो ते धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी, जमिनीवरच. त्या घरट्याचे पाच दशांशांचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकणं म्हणजे अंड्यांपर्यंतची वाट दाखवणं आहे. अशा वेळी नेमकी जागा सुरक्षित ठेवायची, प्रसिद्ध करताना फक्त तालुका द्यायचा आणि ‘जागा मुद्दाम ढोबळ केली आहे’ हे लिहायचं, म्हणजे पुढचा अभ्यासक त्या ढोबळपणाला खरी चूक समजणार नाही. माणसांच्या ज्ञानाचंही तसंच. कोणत्या पाणवनस्पतीजवळ कोणता मासा अंडी घालतो, हे ढिवर मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं शहाणपण आहे. ते लिहून घेताना परवानगी तिथेच, त्याच बैठकीत मागायची : हे छापलं तर चालेल का, तुमचं नाव लिहू का, परत कुणी वापरलं तर तुम्हाला कळवायचं का. उत्तर नोंदीच्याच एका रकान्यात लिहायचं. दहा वर्षांनी ती परवानगी शोधायला गेलं तर सांगणारा माणूस असेलच असं नाही. २०१९ मध्ये आदिवासी व मूलनिवासी समाजांच्या डेटाहक्कांसाठी ‘केअर’ नावाची तत्त्वं मांडली गेली, ती याच काळजीपोटी.

हे सगळं करायला वेळ लागतो, ही तक्रार मी अनेक तरुण अभ्यासकांकडून ऐकतो आणि ती खरी आहे. पाळीवर उन्हात उभं राहून पंधरा रकाने भरणं कंटाळवाणं असतं. त्याला उपाय आहे. मोहिमेवर निघण्याआधी एक तास बसून रकाने ठरवायचे, मोबाइलवर ‘कोबो’सारख्या मोफत साधनात त्यांचा नमुना करायचा, जातींची नावं आधीच यादीत ठेवायची म्हणजे ‘मरळ’चं ‘मरल’ होत नाही, जागा आणि वेळ यंत्राला भरू द्यायची. रेंज नसली तरी नमुना चालतो, घरी आल्यावर माहिती वर जाते. त्याच संध्याकाळी एक छोटी ‘वाचा’ फाइल लिहायची : कुठला रकाना काय सांगतो, एककं कोणती, नियम कोणते, आज काय वेगळं घडलं. ‘आज तुडूम उघडं होतं, पाणी उतरत होतं’ हे एक वाक्य पुढच्या माणसाचे अनेक आठवडे वाचवू शकतं.

आणि एक काम अजून पडून आहे. जिल्ह्यातल्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे मासळी विक्रीच्या वह्या असतात : तारीख, वजन, दर. पैशाच्या हिशेबासाठी लिहिलेल्या असल्यामुळे त्या सहसा चुकत नाहीत. त्यांत जातवार वजन वेगळं लिहिलं, ‘इतर मासे’ या एका मथळ्याखाली सगळं टाकलं नाही, तलावाचा क्रमांक आणि जाळ्याचा प्रकार असे दोन रकाने वाढवले, तर त्याच वह्या पूर्व विदर्भातल्या गोड्या पाण्याच्या माशांचा दीर्घकालीन अभ्यास होतील. संस्थेला त्यातून कोणत्या तलावात काय घटतंय हे कळेल, ठेका घेताना आणि बीज सोडताना त्याचा उपयोग होईल. अभ्यासकाला पुढच्या पन्नास वर्षांची माहिती मिळेल. हे रकाने छापायला खर्च जवळजवळ काहीच नाही. अभ्यासकांनी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांबरोबर बसून पुढच्या हंगामाची वही छापण्याआधी ते ठरवायचे आहेत, आणि वहीची एक प्रत संस्थेकडेच राहील हे पहिल्या पानावर लिहायचं आहे.